वे नदीच्या काठी : पाणचक्क्या, तोफेची दारू आणि १९४० ची रोधरेषा

लंडनच्या नैर्ऋत्येस सरे परगण्यातून वे नावाची एक लहानशी नदी वाहते. तिचा एक प्रवाह हॅम्पशरमधील ऑल्टनजवळ उगम पावतो, दुसरा दक्षिणेकडील हेझलमियरच्या टेकड्यांतून येतो आणि टिलफर्ड या खेड्यापाशी दोन्ही एकत्र होतात. पुढे ही नदी गॉडलमिंग गावावरून जाते, गिल्डफर्डपाशी नॉर्थ डाउन्स या खडूच्या डोंगररांगेतील खिंडीतून बाहेर पडते आणि वेब्रिज येथे टेम्सला मिळते. गोदावरी किंवा कृष्णा यांच्या काठी वाढलेल्या वाचकास हिला नदी म्हणावे की ओढा, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. बऱ्याच ठिकाणी तिचे पात्र इतके अरुंद आहे की एका काठावरचा मनुष्य दुसऱ्या काठावरच्याशी आवाज न चढवता बोलू शकतो.

आज या नदीकाठी फिरावयास येणाऱ्या माणसाला गवताळ कुरणे, चरणारी गुरे, जुने दगडी पूल आणि संथ पाणी एवढेच प्रथम दिसते. इंग्लंडच्या ग्रामीण सौंदर्याची जी चित्रे आपण पुस्तकांत पाहतो, त्यांतीलच हे एक, असे त्यास वाटते. परंतु थोडे चालल्यावर झुडपांत दडलेली काँक्रीटची एक ठेंगणी, षट्कोनी कोठडी लागते. तिच्या भिंतींना आपल्या किल्ल्यांच्या तटाला असतात तशा जंग्या असतात. आणखी थोडे पुढे गेल्यावर शेवाळलेली, माणसाच्या उंचीची दगडी जाती गवतात पडलेली आढळतात. कोठडी १९४० ची आहे. जात्यांवर एके काळी तोफेची दारू दळली जात असे. या दोन वस्तूंचा परस्परांशी संबंध काय, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. संबंध आहे तो पाण्याचा. ज्या पाण्याला कारखानदारांनी तीनशे वर्षे बांध घालून, वळवून आणि अडवून कामाला लावले, त्याच पाण्याच्या आश्रयाने १९४० च्या उन्हाळ्यात इंग्रज सेनाधिकाऱ्यांनी आपल्या राजधानीच्या रक्षणाची एक रेषा आखली.

पाणी कामाला लावले ते असे

वे नदीच्या खोऱ्यात मध्ययुगापासून लोकरीचे कापड विणले जाई. विणलेले कापड पाण्यात कुटून घट्ट करावे लागते, आणि हे कुटण्याचे काम पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे करीत. कापडाचा धंदा सतराव्या शतकात उतरणीस लागला. परंतु चक्क्या, त्यांचे पाट आणि बंधारे शिल्लक राहिले. तेच पुढे धान्य दळण्यास, कागदाचा लगदा करण्यास व लोखंड ठोकण्यास उपयोगी पडले. एका धंद्याने खोदलेला पाट दुसऱ्याने वापरावा, हा या खोऱ्याचा नित्याचा क्रम होता.

नदीचे खरे रूपांतर झाले ते १६५१ ते १६५३ या काळात. गिल्डफर्डजवळील सटन प्लेस येथील जमीनदार सर रिचर्ड वेस्टन हा शेतीसुधारणेचा छंद असलेला गृहस्थ होता. नेदर्लंड्समध्ये वास्तव्य असताना त्याने तेथील कालवे आणि जलपाश पाहिले होते. जलपाश म्हणजे पाण्याची पायरी होय : दोन दरवाज्यांमधील हौदात नाव उभी करावयाची आणि पाणी भरून अथवा सोडून तिला वर चढवावयाचे किंवा खाली उतरवावयाचे. ज्याला इंग्रजीत लॉक म्हणतात तो हाच. वेस्टनने टेम्सपासून गिल्डफर्डपर्यंतची सुमारे २५ किलोमीटर लांबीची नदी याच युक्तीने नौकानयनास योग्य केली. त्याकरिता निम्म्याहून अधिक अंतरात नवे पाट खोदावे लागले. मोडून टाकलेल्या ओटलंड्स या राजवाड्याचे लाकूड व दगड त्याने या कामी वापरले. क्रांतीने पाडलेल्या राजवाड्याचे साहित्य पडावांच्या वाटेसाठी खर्ची पडावे, आणि तेही एका राजनिष्ठ जमीनदाराच्या हातून, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावयाचा. वेस्टन स्वतः १६५२ मध्ये मरण पावला. काम पूर्ण झालेले पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. त्याच्या पद्धतीच्या जलपाशांना दगडी भिंती नसत, गवताच्या उतरत्या कडाच असत. अशा कडांचा एक जुना नमुना वॉल्शम येथे अद्याप पाहावयास मिळतो.

इंग्लंडातील कालव्यांचे प्रसिद्ध युग त्यानंतर शंभर वर्षांनी सुरू झाले, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचे महत्त्व कळते. पुढे १७६४ मध्ये हा जलमार्ग गॉडलमिंगपर्यंत वाढविण्यात आला आणि एकूण लांबी सुमारे ३२ किलोमीटर झाली. खाली लंडनकडे लाकूड, धान्य, पीठ आणि तोफेची दारू जाई. वर येताना पडाव कोळसा व किराणा माल आणीत. पडाव ओढणाऱ्या घोड्यांसाठी काठाने पायवाट ठेवलेली होती. आज सहलीस येणारे लोक चालतात ती हीच.

येथे आणखी एका कालव्याचा उल्लेख करावयास हवा. कारण युद्ध आणि जलमार्ग यांचे नाते त्यात उघड दिसते. नेपोलियनशी लढाई चालू असताना लंडनहून दक्षिण किनाऱ्याकडे माल नेणारी जहाजे इंग्लिश खाडीत फ्रेंचांच्या तावडीत सापडण्याची भीती असे. तेव्हा वे नदी दक्षिणेकडील अरुन नदीला जोडून देशाच्या आतूनच एक सुरक्षित मार्ग करावा, अशी कल्पना पुढे आली. शॅलफर्डजवळून निघणारा हा वे-अरुन कालवा १८१६ मध्ये खुला झाला. वॉटर्लूची लढाई त्याच्या आदल्या वर्षीच आटोपली होती. ज्या संकटासाठी कालवा खोदला ते संकट उरले नाही. पुढे आगगाडी आली, आणि १८७१ मध्ये तो बंद पडला. युद्धासाठी बांधलेली वस्तू युद्ध संपल्यावर तयार व्हावी, हा प्रकार या खोऱ्यात पुन्हा घडावयाचा होता.

चिलवर्थची दारू

शॅलफर्ड येथे वे नदीला पूर्वेकडून टिलिंगबोर्न नावाचा ओढा येऊन मिळतो. लीथ हिलच्या उतारावर उगम पावणारा हा ओढा जेमतेम १८ किलोमीटर लांबीचा आहे. तथापि त्याचा उतार चांगला असून झऱ्यांमुळे त्याला बारमाही पाणी असते. एवढ्याशा पाण्यावर धान्याच्या चक्क्या, लोखंडाचे हातोडे, पितळी तार ओढण्याचे कारखाने, कागदाच्या गिरण्या आणि कातडी कमावण्याचे कारखाने चालले. परंतु त्याचे नाव इतिहासात राहिले ते चिलवर्थ येथील दारूच्या कारखान्यामुळे. आणि येथे भारतीय वाचकाचा या खोऱ्याशी थेट संबंध येतो.

हा कारखाना १६२६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने काढला. कंपनीची जहाजे सशस्त्र असत आणि त्यांना तोफेची दारू मोठ्या प्रमाणावर लागे. या दारूत तीन द्रव्ये असतात : सोरा, लोणारी कोळसा आणि गंधक. त्यांचे रूढ झालेले प्रमाण शंभरात सुमारे ७५, १५ आणि १० असे आहे. म्हणजे दारू ही तीन चतुर्थांश सोराच होय. इंग्लंडमध्ये सोरा दुर्मीळ होता. तबेल्यांची व कबुतरखान्यांची जमीन खरवडून तो गोळा करावा लागे, आणि हे काम करणारी सरकारी माणसे लोकांच्या घरांच्या जमिनी उकरीत असल्यामुळे त्यांच्यावर मोठा रोष होता. भारतात मात्र, विशेषतः बिहारच्या मैदानी प्रदेशात, उन्हाळ्यात जमिनीवर सोऱ्याचा पांढरा थर आपोआप येई. तो खरवडून, पाण्यात विरघळवून आणि आटवून शुद्ध करणे हा नोनिया जातीचा पिढीजात व्यवसाय होता. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात पाटण्याचा सोरा ही कंपनीच्या व्यापारातील एक प्रमुख जिन्नस बनली. जहाजाच्या तळाशी भार म्हणूनही तो उपयोगी पडे. प्लासीच्या लढाईनंतर १७५८ मध्ये बिहारमधील सोऱ्याचा मक्ता कंपनीच्या हाती आला, तेव्हा युरोपातील युद्धांचेही पारडे त्यामुळे झुकले. फ्रान्सला हा पुरवठा बंद झाला आणि सोऱ्याची टंचाई त्या देशाला दीर्घकाळ जाणवत राहिली.

मराठीत दारू या एकाच शब्दाने मद्य आणि स्फोटक या दोहोंचा बोध होतो. मुंबईत माझगावच्या बंदरभागाला जे दारूखाना हे नाव आहे, ते कोणत्या दारूमुळे पडले याविषयी नवख्या माणसाचा गैरसमज होतो. तेथे कंपनीचा तोफेच्या दारूचा कारखाना होता. चिलवर्थचा ओढा आणि माझगावचा धक्का हे अशा रीतीने एकाच व्यवहाराचे दोन बिंदू ठरतात.

दारू तयार करण्याची क्रिया थोडक्यात सांगितली पाहिजे, म्हणजे अवशेषांचा अर्थ लागेल. प्रथम तिन्ही द्रव्ये निरनिराळी दळून मिसळीत. नंतर ते मिश्रण ओले करून एका गोल तळीवर पसरीत, आणि तिच्यावरून दोन उभी, जड जाती फिरवीत. चुन्याच्या घाणीत फिरते तशीच ही रचना. फरक इतकाच की येथे बैलाच्या जागी पाणचक्की असे, आणि एखादी ठिणगी उडाल्यास इमारत उरत नसे. पुढे मिश्रण दाबून त्याच्या वड्या करीत, त्या फोडून दाणे पाडीत, दाणे चाळीत, चकाकवीत व वाळवीत. कोळशासाठी ओढ्याकाठी वाढणारे आल्डरचे लाकूड उत्तम समजले जाई. प्रत्येक क्रियेची इमारत दुसरीपासून दूर असे आणि मध्ये मातीचे बांध व झाडी ठेवीत, म्हणजे एकीचा स्फोट दुसरीपर्यंत पोहोचू नये. छपरे मुद्दाम हलकी असत. स्फोट वर निघून जावा, आडवा जाऊ नये, हा हेतू. अर्धवट तयार झालेला माल इमारतींच्या दरम्यान नेण्यासाठी पाण्याच्या पाटांचा उपयोग करीत. कारण नावेला चाक नसते आणि चाक नाही तेथे घर्षणही नाही. चिलवर्थचा कारखाना ओढ्याच्या कडेने लांबलचक पसरलेला दिसतो तो या कारणाने. लोखंडी खिळे असलेल्या पादत्राणांना आत मज्जाव होता.

इतके करूनही अपघात टळत नसत. फेब्रुवारी १९०१ मध्ये झालेल्या एका स्फोटात सहा कामगार मरण पावले. खेड्यातील लोकांचा चरितार्थ या कारखान्यावर होता, आणि त्याचे मूल्य त्यांना अशा रीतीने अधूनमधून द्यावे लागे. या दरीविषयी लिहिणारे बहुतेक लेखक यंत्रांचे व मालकांचे तपशील भरपूर देतात. या सहा जणांविषयी मात्र एखादी ओळ. प्रस्तुत लेखही त्याला अपवाद नाही, हे मान्य केले पाहिजे.

वे नदीकाठच्या फार्नहॅम येथे जन्मलेला प्रसिद्ध लेखक विल्यम कॉबेट १८२२ मध्ये घोड्यावरून चिलवर्थला आला होता. निसर्गाने इतकी सुंदर घडवलेली दरी माणसाने दोन अत्यंत दुष्ट गोष्टींसाठी वापरली, असा संताप त्याने आपल्या प्रवासवर्णनात व्यक्त केला. पहिली गोष्ट तोफेची दारू. दुसरी कोणती असेल, याची वाचकास कल्पना येणार नाही : ती म्हणजे बँकेच्या नोटांचा कागद. कागदी चलनावर कॉबेटचा फार राग होता. त्याच्या रागाचे अर्थशास्त्र आज पटण्यासारखे नसले तरी त्याची नजर अचूक होती. शांत दिसणारी ही दरी साम्राज्याच्या दोन मोठ्या गरजा भागवीत होती.

१८८५ मध्ये येथे नवी चिलवर्थ गनपाउडर कंपनी स्थापन झाली आणि जर्मन तंत्राने मोठ्या तोफांसाठी तपकिरी दारू तयार होऊ लागली. पुढील दशकात कॉर्डाइट हे धूररहित स्फोटक बनवण्यास प्रारंभ झाला. पहिल्या महायुद्धात, १९१४ ते १९१८ या काळात, कारखाना जोरात चालला. ज्या जर्मनीचे तंत्र येथे आले होते, त्याच देशाविरुद्ध. युद्ध संपताच मागणी संपली आणि १९२० मध्ये कारखाना बंद पडला. रिकाम्या इमारतींत लोक राहावयास आले. पत्र्याच्या छपरांमुळे त्या वस्तीला पत्र्याचे गाव असे नाव पडले, आणि ती १९६० नंतरच्या काही वर्षांपर्यंत टिकून होती.

१९४० चा उन्हाळा

२६ मे ते ४ जून १९४० या दहा दिवसांत डंकर्कच्या किनाऱ्यावरून सुमारे ३,३८,००० सैनिक इंग्लंडात परत आणण्यात आले. माणसे परत आली. शस्त्रे आली नाहीत. सुमारे अडीच हजार तोफा आणि साठ हजारांहून अधिक वाहने फ्रान्समध्येच सोडून द्यावी लागली. शत्रू खाडीच्या पलीकडे उभा होता. अशा स्थितीत गृहसेनेचे सरसेनापती जनरल एडमंड आयर्नसाइड यांनी २५ जून रोजी आपली संरक्षणयोजना मांडली. किनाऱ्यावर पातळ फळी, मध्ये नाकेबंदीची ठाणी, आणि देशाच्या आत लंडन व मध्य इंग्लंडातील कारखान्यांचा प्रदेश यांच्यापुढे एक अखंड रणगाडाविरोधी रेषा, असे तिचे स्वरूप होते. या अखेरच्या रेषेला मुख्यालयाची रोधरेषा, म्हणजे जीएचक्यू लाइन, असे म्हणत.

रणगाडे नसलेल्या सैन्याने रणगाडे अडवावयाचे कसे? उत्तर भूगोलात होते. रेषा पश्चिमेकडून केनेट व एव्हन कालव्याच्या काठाने रेडिंगपर्यंत येई. तेथून ती दक्षिणेकडे वळून ऑल्डरशॉट व फार्नहॅमवरून वे नदीला मिळे, नदीच्या सोबतीने गॉडलमिंग व गिल्डफर्डच्या परिसरात येई, आणि मग नॉर्थ डाउन्सच्या पायथ्याने पूर्वेस मेडवे नदीकडे जाई. नकाशावर या रेषेचा माग काढणाऱ्यास एक गोष्ट चटकन जाणवते. ती शक्य तेथे पाण्याचा आधार घेते, आणि ते पाणी बहुतांशी माणसाने आवरलेले पाणी आहे. केवळ नैसर्गिक ओढा उन्हाळ्यात उथळ होतो आणि त्याच्या उतरत्या काठांवरून रणगाडा सहज पार जातो. परंतु जेथे बंधाऱ्यांनी पाण्याची पातळी बारा महिने राखलेली असते, काठ उभे कापलेले असतात आणि पार होण्याची ठिकाणे मोजक्या पुलांपुरती मर्यादित असतात, तेथे रणगाड्यांसाठी खंदक आयता तयार असतो. गॉडलमिंग ते शॅलफर्ड हा टप्पा असाच होता. १७६४ च्या कंत्राटदारांनी पडावांसाठी केलेले काम १९४० मध्ये सैन्याच्या कामी आले.

जेथे नदीवर असे संस्कार झालेले नव्हते, तेथे कष्ट अधिक पडले. फार्नहॅमजवळील वेव्हर्ली येथे याचे उत्तम उदाहरण आहे. ११२८ मध्ये स्थापन झालेला येथील मठ हा सिस्टर्शियन पंथाचा इंग्लंडमधील पहिला मठ होय. १५३६ मध्ये आठव्या हेन्रीने तो बरखास्त केला, आणि आज त्याच्या भग्न कमानी नदीच्या वळणावर उभ्या आहेत. वरच्या भागातील ही नदी रणगाडे थोपवण्यास पुरेशी नव्हती. म्हणून तिच्या जोडीला रणगाडाविरोधी खंदक, काँक्रीटचे शंकू व दंडगोल ठोकळे आणि पिलबॉक्स यांची योजना झाली. आठशे वर्षांपूर्वीच्या दगडी भिंतींपासून हाकेच्या अंतरावर ही काँक्रीटची कामे आजही दिसतात. मठ पाहावयास येणाऱ्यांपैकी पुष्कळ जण त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

पिलबॉक्स म्हणजे औषधी गोळ्यांची डबी. आकाराच्या साम्यावरून हे नाव पहिल्या महायुद्धात रूढ झाले. मे १९४० मध्ये युद्धखात्याच्या बांधकाम शाखेने त्यांचे काही ठराविक नमुने काढले आणि त्यांना क्रमांक दिले. २२ क्रमांकाचा नमुना लहान व नियमित षट्कोनी. २४ क्रमांकाचा त्याहून मोठा. त्याची मागची भिंत लांब, तिच्यात दार, आणि उरलेल्या पाच बाजूंस प्रत्येकी एक जंगी. आत मध्यभागी एक आडभिंत घालीत, ती आत शिरलेली गोळी उसळून सर्वांना लागू नये म्हणून. भिंतीची जाडी साधारण एक फूट असली तर ती बंदुकीची गोळी थोपवी. तोफगोळ्यासाठी तीन फूट वा अधिक जाडी लागे. २८ क्रमांकाचा नमुना रणगाडाविरोधी तोफेसाठी होता. मात्र नव्या तोफांचा तुटवडा असल्यामुळे त्यांत पहिल्या महायुद्धातील जुन्या हॉचकिस तोफाही बसवण्याची सोय ठेवावी लागली.

बांधकाम सैन्याच्या देखरेखीखाली स्थानिक ठेकेदारांनी केले. काँक्रीट ओतण्यास लागणाऱ्या लाकडी फळ्या लवकरच कमी पडू लागल्या, तेव्हा विटांची भिंत बांधून तिच्याच आत काँक्रीट ओतू लागले. त्यामुळे काही पिलबॉक्स बाहेरून विटांचे घर असावे तसे दिसतात. जाणकार निरीक्षक विटांवरून आणि फळ्यांच्या ठशांवरून टंचाई कोणत्या टप्प्यास आली होती याचा अंदाज करतो.

परंतु या रेषेवर आक्षेपही आले, आणि ते गंभीर होते. मुख्य प्रतिकार इतक्या आत करावयाचा म्हणजे रेषेच्या दक्षिणेकडील गावे आणि शेते यांचे काय? तो प्रदेश शत्रूच्या ताब्यात जाईल हे गृहीत धरले आहे, असा त्याचा अर्थ होतो, असे वरिष्ठ अधिकाऱ्यांनीच बोलून दाखवले. वे नदीच्या एका काठावरचे खेडे रक्षणीय आणि दुसऱ्या काठावरचे त्याज्य ठरत होते. सेनापतीच्या टेबलावर ही केवळ एक रेघ होती. गावकऱ्यांच्या स्वयंसेवक दलांत, ज्यांना पुढे होमगार्ड हे नाव मिळाले, पलीकडच्या काठावरचेही लोक होते, आणि पूल उडवण्याचा हुकूम आल्यास तो त्यांच्या घरामागेच उडणार होता.

पुलांचे पाहा. गॉडलमिंगच्या वरच्या अंगास ईशिंग येथील मध्ययुगीन दगडी पूल १९०१ मध्ये, जतन व्हावा या उद्देशाने, नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आला होता. रोधरेषेवरील पुलांबाबत सर्वसाधारण धोरण होते ते वेळ येताच उद्ध्वस्त करण्याचे. एका पिढीने काळजीपूर्वक राखलेली वस्तू दुसरीने सुरुंगासाठी हेरावी, हा युद्धाचा तर्क होय. त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता.

१९ जुलै १९४० रोजी आयर्नसाइड यांना बदलून त्यांच्या जागी जनरल ॲलन ब्रुक यांची नेमणूक झाली. ब्रुक यांचा काँक्रीटपेक्षा वेगाने हलणाऱ्या राखीव तुकड्यांवर भर होता. आतील रेषांचे काम मागे पडले आणि पुढे पिलबॉक्स बांधणे बंदच झाले. वे नदीवरील रेषेवर शत्रूचा एकही सैनिक आला नाही. वे-अरुन कालव्याप्रमाणे हेही काम न लागता राहिले. मात्र या वेळी ते न लागल्याचे दुःख कोणी केले नाही. माझ्या मते आयर्नसाइड यांच्यावर झालेली टीका थोडी अनुदार आहे. हाती वाहने असतील तरच राखीव तुकड्या हलवता येतात, आणि जूनमध्ये ती नव्हती. काँक्रीट, नदी आणि गवंडी एवढेच होते.

नदीला युद्ध शिवले ते वेगळ्या मार्गाने. टेम्सच्या संगमाजवळ, वेब्रिज येथे, ब्रुकलंड्स हे १९०७ मध्ये बांधलेले काँक्रीटचे मोटार-शर्यतीचे मैदान होते. वे नदी त्यातूनच वाहते. तेथील कारखान्यांत व्हिकर्सची वेलिंग्टन बाँबफेकी विमाने आणि हॉकरची हरिकेन लढाऊ विमाने तयार होत. ४ सप्टेंबर १९४० रोजी भर दुपारी जर्मन विमानांनी तेथे हल्ला केला आणि ८० हून अधिक कामगार मरण पावले. सैन्याने राखलेल्या रेषेवर कोणी मेले नाही. यंत्रावर काम करणारे मेले.

१९४३ पर्यंत वारे फिरले होते. टिलफर्ड व एल्स्टेड यांच्या दक्षिणेस असलेल्या हँकली कॉमन या माळरानावर कॅनेडियन सैनिकांनी सुमारे १०० मीटर लांबीची एक प्रचंड काँक्रीटची भिंत बांधली. ती इंग्लंडच्या रक्षणासाठी नव्हती. जर्मनांनी फ्रान्सच्या किनाऱ्यावर उभारलेल्या तटाची ती प्रतिकृती होती, आणि तो कसा फोडावा याचा सराव तिच्यावर होत असे. स्फोटाने पडलेली भगदाडे तशीच आहेत. वेव्हर्लीचे ठोकळे आणि हँकलीची भिंत यांच्यात काही किलोमीटरचे व तीन वर्षांचे अंतर आहे. ही दोन्ही एकाच दिवशी पाहिली तर महायुद्धाचे पारडे कसे फिरले, ते एखाद्या नकाशापेक्षा अधिक स्पष्ट समजते.

राखावे काय आणि किती

पाणचक्की राखावी, हे कोणासही पटते. शॅलफर्ड येथील अठराव्या शतकातील पाणचक्की १९३० च्या सुमारास मोडकळीस आली होती. तेव्हा मुखवटे धारण करून आणि टोपणनावांनी वावरणाऱ्या काही तरुण स्त्रियांच्या एका मंडळाने ती दुरुस्त करवून १९३२ मध्ये नॅशनल ट्रस्टला दिली. हे मंडळ फर्ग्युसन्स गँग या नावाने प्रसिद्ध आहे. त्या काळी या प्रकाराची वर्तमानपत्रांतून बरीच चर्चा झाली. पुढे १९६४ मध्ये गिल्डफर्डपर्यंतचा जलमार्ग आणि १९६८ मध्ये गॉडलमिंगपर्यंतचा भागही याच संस्थेच्या हाती आला. वे-अरुन कालवा पुन्हा खोदून काढण्याचे काम हौशी कार्यकर्ते १९७० पासून करीत आहेत.

पिलबॉक्सचे तसे नाही. तो कुरूप आहे, घाईने बांधलेला आहे, आणि त्याचा वापर कधी झालाच नाही. युद्धानंतर शेतकऱ्यांना ते अडचणीचे वाटत. काहींनी पाडले, पुष्कळांनी पाडण्याचा खर्च परवडेना म्हणून सोडून दिले. ब्रिटनभर बांधलेल्या अशा हजारो पिलबॉक्सपैकी बहुतेक नाहीसे झाल्यानंतरच त्यांची मोजदाद सुरू झाली. १९९५ ते २००२ या काळात ब्रिटिश पुरातत्त्व परिषदेने स्वयंसेवकांच्या मदतीने संरक्षणकामांची देशव्यापी नोंद केली. तीत सुमारे वीस हजार स्थळे आली. नोंद करणाऱ्यांत इतिहासाचे पंडित थोडे आणि निवृत्त शिक्षक, अभियंते व फिरावयास जाणारे लोक अधिक होते. ज्या पिढीने हे काँक्रीट ओतले तिच्यातील काही माणसे तोवर हयात होती, म्हणून पुष्कळ माहिती हाती लागली. आणखी वीस वर्षांनी हे काम हाती घेतले असते तर भिंती दिसल्या असत्या, परंतु त्यांच्यामागे कोण उभे राहणार होते हे सांगणारे कोणी उरले नसते.

शॅलफर्डपाशी स्टोनब्रिज येथे नदीकाठी एक लहान लाकडी कोठार दगडी ठोकळ्यांवर उभे आहे. चिलवर्थची दारू पडावांत चढवण्यापूर्वी येथे ठेवीत. कोरडे राहावे म्हणून ते जमिनीपासून उचललेले आहे. चिलवर्थचे अवशेष आता संरक्षित स्मारक असून तेथील झाडीतून लोक मोकळेपणाने फिरतात. पाण्याचे पाट, इमारतींचे पाये आणि गवतात आडवी पडलेली जाती यांच्याजवळच १९४० मध्ये दरी अडवण्यासाठी बसवलेले काँक्रीटचे ठोकळेही आहेत. त्यांवर इतके शेवाळ चढले आहे की दगड कोणता आणि काँक्रीट कोणते हे हात लावल्याशिवाय कळत नाही. इंग्लंडात अनेक पिलबॉक्सच्या जंग्या आता जाळीने बंद केलेल्या असतात, आणि आतल्या अंधारात व ओलाव्यात वटवाघळे हिवाळा काढतात. ओढ्याच्या काठी आल्डरची झाडे पुन्हा दाट वाढली आहेत. कोळशासाठी ती तोडणारे आता कोणी नाही.